डिफ्यूजन एमआरआय : 1.5 मिमीचा हट्ट सोडल्यानंतरचे नऊ महिने

नऊ महिन्यांपूर्वी आमच्या 3 टेस्ला मशीनवर संशोधनासाठी डिफ्यूजनचा (मेंदूतल्या पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणाऱ्या स्कॅनचा) नवा प्रोटोकॉल लावला, तेव्हा व्हॉक्सेल (इमेजचा सर्वांत छोटा घनाकृती ठोकळा) 1.5 मिमीचाच हवा यावर मी अडून बसलो होतो. आज तोच अभ्यास 2 मिमीवर चालू आहे आणि डेटा पहिल्यापेक्षा चांगला येतो आहे. या प्रवासात बरेच स्कॅन वाया गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवातीची मांडणी अशी होती: बी 1000 आणि बी 2000 (बी-व्हॅल्यू म्हणजे डिफ्यूजन किती जोराने टिपायचं त्याचं माप), पाण्याची हालचाल मोजायच्या प्रत्येकी 64 दिशा, मल्टिबँड 2 (एकाच वेळी दोन स्लाइस), टीई (सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) 92 मिलिसेकंद. स्कॅनला साधारण 13 मिनिटं लागायची. एफए मॅप (पाण्याची हालचाल एकाच दिशेने किती होते ते दाखवणारे नकाशे) इतके रेखीव दिसायचे की पहिले काही आठवडे मी समाधानी होतो. मग एका संध्याकाळी बी 2000 च्या कच्च्या इमेज एकेक करून उघडल्या. थॅलॅमसच्या (मेंदूच्या मध्यभागातल्या एका भागाच्या) आसपास सिग्नल कुठे संपतो आणि नॉइज कुठे सुरू होतो, तेच कळेना.

हिशेब केला असता तर हे आधीच कळलं असतं. 2 मिमीचा व्हॉक्सेल 8 घन मिमीचा, 1.5 मिमीचा जेमतेम 3.4 घन मिमीचा. म्हणजे नॉइजच्या तुलनेत सिग्नल ढोबळमानाने 42 टक्क्यांवर येतो. ॲव्हरेज वाढवून (तीच इमेज पुन्हापुन्हा घेऊन सरासरी काढून) हा तोटा भरायचा म्हटलं, तर फायदा वर्गमुळाच्या दराने होतो. साडेपाच पटींहून जास्त वेळ द्यावा लागतो. तेरा मिनिटांचा सव्वा तास! त्यातच बी 2000 ला व्हाइट मॅटरचा (मेंदूतल्या चेतातंतूंच्या भागाचा) सिग्नल मुळातच बी 0 च्या (डिफ्यूजन न टिपलेल्या इमेजच्या) साधारण पावपट उरलेला असतो. आणि मॅग्निट्यूड इमेजमध्ये (जिथे सिग्नलचं फक्त परिमाण ठेवतात) नॉइज शून्याखाली जात नाही, त्यामुळे तोच सिग्नल असल्यासारखा भासतो आणि डिफ्यूजन खऱ्यापेक्षा कमी मोजलं जातं. दिसायला सुंदर मॅप आतून चुकीचा असू शकतो, ही गोष्ट मला फार लागली.

दुसरी अडचण माणसांची. आठ-नऊ मिनिटं बहुतेक जण निश्चल पडून राहतात. नंतर मान अवघडते, गिळण्याची हालचाल वाढते, कुणाला झोप लागून डोकं कलतं. डिफ्यूजन ग्रेडियंट (हालचाल टिपण्यासाठीचं बदलतं चुंबकीय क्षेत्र) चालू असताना डोकं हललं की त्या स्लाइसचा सिग्नलच गळतो आणि काळा पट्टा उमटतो. आमच्याकडे असे पट्टे शेवटच्या चार मिनिटांत सर्वांत जास्त सापडले. तेव्हा बी 2000 च्या सगळ्या दिशा शेवटी होत्या, म्हणजे नाजूक डेटा नेमका सर्वांत वाईट वेळी घेतला जात होता. आता दोन्ही बी-व्हॅल्यू मिसळून घेतो आणि दर दहा-अकरा इमेजनंतर एक बी 0 ठेवतो.

सध्याचा प्रोटोकॉल: 2 मिमी, 72 स्लाइस, मल्टिबँड 3, टीआर (एक पूर्ण इमेज घेण्याचा वेळ) 3.2 सेकंद, बी 1000 ला 30 दिशा, बी 2000 ला 60 आणि 9 बी 0. एकूण 99 इमेज, सव्वापाच मिनिटं. मॅट्रिक्स लहान झाल्याने टीई 84 वर आला. व्हाइट मॅटरचा टी2 (सिग्नल विझायला लागणारा वेळ) पाहता तेवढ्यानेच सिग्नल सुमारे 10 टक्क्यांनी वाढला. मल्टिबँड 4 सुद्धा करून पाहिला. जोडीला इन-प्लेन ॲक्सलरेशन (स्लाइसमधला निम्माच डेटा घेऊन बाकीचा गणिताने भरणं) 2 होतं, म्हणजे एकूण आठपट. मेंदूच्या मध्यभागी नॉइज लगेच चढला आणि टीआर अडीच सेकंदांखाली गेल्यावर ग्रे मॅटरचा सिग्नल सावरायला वेळच मिळेना. तो नाद सोडला.

इन-प्लेन ॲक्सलरेशन आता बंद आहे. त्यामुळे कपाळामागे आणि कानांजवळ इमेज जास्त ताणली जाते, पण उलट्या फेज दिशेने (म्हणजे इमेज उलट्या बाजूला ताणली जाईल अशा) घेतलेल्या दोन-तीन बी 0 इमेजमुळे ते बऱ्यापैकी दुरुस्त होतं. अर्धं मिनिटही लागत नाही, हे कधीच वगळू नका. मात्र मुख्य स्कॅन आणि या उलट्या इमेज यांच्या मध्ये शिम (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणारी जुळणी) बदलता कामा नये. आमच्याकडे एकदा मधेच पुन्हा शिम झालं आणि दुरुस्तीनंतरची इमेज आधीपेक्षा वाकडी आली.

सगळ्यात महागात पडलेली चूक इंटरपोलेशनची (मधले व्हॉक्सेल गणिताने भरण्याची). कन्सोलवरचा तो पर्याय चालू राहिला आणि दोन आठवड्यांच्या इमेज दुप्पट मॅट्रिक्सच्या, गुळगुळीत अशा आल्या. बघणाऱ्यांना त्या आवडल्या. पण डिनॉइझिंगला (नॉइज गाळण्याच्या गणिताला) प्रत्येक व्हॉक्सेलचा नॉइज स्वतंत्र लागतो. शून्यं भरून मॅट्रिक्स वाढवला की शेजारच्या व्हॉक्सेलचे नॉइज एकमेकांशी जोडले जातात. त्या दोन आठवड्यांच्या डेटावर डिनॉइझिंग धड चाललंच नाही. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: मशीनवरून अस्पर्श इमेज, सर्वांत आधी डिनॉइझिंग, मग गिब्ज रिंगिंग (कडांजवळच्या खोट्या लहरी) काढणं, त्यानंतरच डिस्टॉर्शन (इमेज ताणली जाणं) आणि हालचालीची दुरुस्ती.

मोठ्या प्रकल्पांचे आकडे आम्हीही समोर ठेवले होते. मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा बनवणाऱ्या ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टने 1.25 मिमी गाठलं, पण 100 मिलिटेस्ला प्रति मीटरचा खास ग्रेडियंट वापरून आणि नुसत्या डिफ्यूजनला जवळपास तासभर देऊन. यूके बायोबँकने (ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य अभ्यासाने) 2 मिमी, 100 दिशा आणि सुमारे सात मिनिटं एवढ्यात भागवलं. माझी नजर पहिल्यावर खिळली होती. आमची परिस्थिती दुसऱ्याच्या जवळची होती.

2 मिमीवर काही गोष्टी हातून निसटतात, हेही खरं. फॉर्निक्ससारखा चेतातंतूंचा बारीक पट्टा सीएसएफला (मेंदूतल्या द्रवाला) लागून असतो; व्हॉक्सेलमध्ये पाणी मिसळतं आणि एफए खोटा उतरतो. कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) सरासरी अडीच मिमी जाडीचा, तिथलं काही सांगायचं धाडस मी या डेटावर करणार नाही. फॉर्निक्ससाठी सध्या 1.8 मिमी तपासतो आहे: साधारण सहा मिनिटं. सिग्नल 2 मिमीच्या 73 टक्के उरायला हवा, आणि स्वतःवर घेतलेल्या पहिल्या दोन स्कॅनमध्ये बी 2000 च्या कच्च्या इमेजमध्ये थॅलॅमसची कड अजून ओळखू येते.