मॅच रात्री नऊची, परतीची गाडी कितीची? युरो 2024 मधल्या जर्मन रेल्वेचा रिव्ह्यू

मोठ्या स्पर्धेसाठी परदेशी जायचं म्हटलं की सगळ्यांचा जीव मॅचच्या तिकिटात अडकतो. ते एकदा हाती लागलं की बाकीचं होईल हळूहळू, असं धरून चालतात. युरो म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा. जर्मनीत 14 जून ते 14 जुलै 2024 या महिन्यात तिच्या 10 शहरांत 51 मॅचेस झाल्या. एकाच संघामागे फिरायचं तरी दर चार-पाच दिवसांनी नवं शहर. अशा स्पर्धेत मॅचच्या तिकिटाइतकंच महत्त्व रेल्वेच्या तिकिटाला असतं, आणि मुंबईहून जाणारे नेमकं तेच शेवटी काढतात. 2029 चा महिला युरोही जर्मनीतच आहे, त्यामुळे डॉइचे बानच्या, म्हणजे जर्मन रेल्वेच्या, सेवेचा हा हिशोब अजून शिळा झालेला नाही.

निकाल आधीच सांगतो. जाळं, गाड्या आणि तिकिटांची रचना यांना 5 पैकी साडेचार. वेळ पाळण्याला 2, आणि तेही जरा सढळ हाताने. 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त 62.5 टक्के वेळेवर होत्या. शिवाय त्यांच्या हिशोबात सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर म्हणजे 'वेळेवर', आणि रद्द झालेली गाडी मोजणीत येतच नाही. नेदरलँड्सचा संघ डॉर्टमुंडच्या सेमीफायनलसाठी वोल्फ्सबुर्गहून रेल्वेनेच निघणार होता. गाडी रद्द झाली आणि त्यांना विमानाने जावं लागलं. स्पर्धेचे संचालक फिलिप लाम हेसुद्धा ड्युसेलडॉर्फमधल्या स्लोव्हाकिया-युक्रेन मॅचच्या किक-ऑफला गाडीच्या उशिरामुळे पोहोचू शकले नाहीत. आपल्याला वेगळी वागणूक मिळेल अशी आशा नको.

तरीही रेल्वेच घ्या. कोलोन ते फ्रँकफर्ट हे अंतर साधारण मुंबई-पुण्याएवढं, आणि आयसीई ही वेगवान गाडी ते सव्वा तासाच्या आत-बाहेर कापते, ताशी 300 किलोमीटरपर्यंत वेग घेऊन. बर्लिन-म्युनिक स्प्रिंटर चार तासांच्या आत. स्टेशनं शहराच्या मध्यात, सिक्युरिटीची रांग नाही, बॅगेचं वजन कोणी करत नाही. फ्रँकफर्ट तर मुंबईकरांसाठी फारच सोयीचं. मुंबईहून थेट विमान उतरतं, विमानतळाला चिकटून लांब पल्ल्याचं स्टेशन आहे, आणि त्याच विमानतळाच्या लोकल स्टेशनातून एस8 किंवा एस9 ही लोकल पकडली की शहरात न शिरता स्टेडियमच्या स्टेशनावर उतरता येतं.

आता तिकिटं. पैसे इथेच वाचतात आणि इथेच बुडतात. सर्वांत स्वस्त श्पारप्राइस आणि सुपर श्पारप्राइस. दोन्हींवर ठरावीक गाडीचं बंधन असतं, जर्मनमध्ये त्सूगबिंडुंग. बुक केलेली आयसीई तुमच्याच चुकीने सुटली तर तिकीट गेलं. सुपर श्पारप्राइस रद्द करून पैसेही मिळत नाहीत. फ्लेक्सप्राइस महाग, पण त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीने जा. जाताना श्पारप्राइस आणि मॅचनंतर परतताना बंधन नसलेलं तिकीट, ही जोडी सर्वांत शहाणपणाची. जादा वेळ आणि पेनल्टी होणार की नाही हे बुकिंगच्या दिवशी कोणाला ठाऊक असतं?

एक नियम पाठ करून ठेवा. उतरायच्या स्टेशनावर 20 मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसू लागलं की गाडीचं बंधन सुटतं आणि तेच तिकीट दुसऱ्या गाडीला चालतं. डॉइचे बानच्या डीबी नॅव्हिगेटर ॲपमध्ये त्या प्रवासाखाली तशी सूचना येते. तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, म्हणजे टीसीशी वाद नको. मात्र हा फायदा पूर्ण प्रवास एकाच बुकिंगमध्ये असेल तरच. दहा-बारा युरो वाचवायला दोन तुकड्यांत दोन तिकिटं काढली, पहिली गाडी रखडली आणि पुढची सुटली, तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी रेल्वे घेत नाही. हातून पैसे जाण्याची ही सर्वांत नेहमीची वाट. परतीच्या विमानाचंही तसंच. वेगळं काढलेलं विमानाचं तिकीट गाडीच्या उशिराने बुडालं तर भरपाई नाही, म्हणून लागते त्याच्या दोन गाड्या आधीची धरा.

भारतात राहणाऱ्यांना इंटररेल हा रेल्वे पास मिळत नाही, तो युरोपात राहणाऱ्यांसाठी. आपल्यासाठी युरेल किंवा जर्मन रेल पास. जर्मनीत आयसीईला सीट रिझर्व्हेशन सक्तीचं नाही, त्यामुळे पास असला की समोर येईल त्या गाडीत चढता येतं. गाड्या रद्द होण्याच्या काळात या मोकळिकीची किंमत कळते. तीन-चार लांब प्रवास असतील तर पास, दोनच असतील तर सुटी तिकिटं. सक्ती नसली तरी मॅचच्या दिवशी सीट घ्याच. 2024 मध्ये दुसऱ्या वर्गात ती 4.90 युरोला होती. ती न घेणारे दाराजवळ बॅगांवर बसून आले. आपल्याला विरार फास्टचा सराव असला तरी चार तास तसं बसवत नाही.

डॉइचलंडटिकेट हे मासिक तिकीट 2024 मध्ये महिन्याला 49 युरोला होतं, नंतर महागलं. स्वस्त दिसतं म्हणून लोक भुलतात. ते फक्त लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीईत चढलात तर विनातिकीट. शिवाय ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द केलं नाही तर मुंबईत परतल्यावरही कार्डातून पैसे कापले जातात. कार्डावरून आठवलं, निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले ऑनलाइन व्यवहार चालू करा, आणि ओटीपी येणारं सिम रोमिंगवर जिवंत ठेवा. तिकडचं ई-सिम घेऊन इथलं सिम काढून टाकणाऱ्यांची तिकिटं पेमेंटच्या पानावर अडकतात. तिकिटावर नाव असतं, त्यामुळे गाडीतही पासपोर्ट जवळ हवा.

आयोजकांनी एक गोष्ट खरोखर सुंदर केली होती. मॅचच्या तिकिटाबरोबर 36 तासांचा लोकल प्रवास मोफत, मॅचच्या दिवशी सकाळी 6 पासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 6 पर्यंत, त्या शहराच्या वाहतूक हद्दीत. ट्राम, बस, यू-बान म्हणजे मेट्रो, एस-बान म्हणजे लोकल, सगळं त्यात. तिकीटधारकांना लांबच्या प्रवासासाठी 29.90 युरोपासून सवलतीची तिकिटंही होती. मोफत पास आयसीईत चालतो असा गैरसमज बऱ्याच जणांचा झाला. तो चालत नव्हता.

आता हाम हे जंक्शन. बर्लिनहून डॉर्टमुंड किंवा गेल्झेनकिर्शनकडे जाणाऱ्यांनी हे नाव कोरून ठेवावं. बर्लिनहून येणाऱ्या बऱ्याच आयसीई म्हणजे दोन गाड्या जोडून केलेली एक गाडी. हामला ती तुटते. अर्धी डॉर्टमुंड, एसेन, ड्युइसबुर्गवरून ड्युसेलडॉर्फकडे, आणि अर्धी हागेन, वुपरटालवरून कोलोनकडे. कसाऱ्याला जायचं आणि बसलोय कर्जत लोकलमध्ये, हे कल्याणनंतर कळावं, तसंच. दोन्ही भागांमधून आतून जाता येत नाही, त्यामुळे चढतानाच योग्य अर्ध्यात चढायला हवं. प्लॅटफॉर्म ए, बी, सी, डी अशा पट्ट्यांत विभागलेला असतो, आणि तिकिटावरचा डबा कुठल्या पट्टीत येणार हे ॲपमध्ये आणि इंडिकेटरवर दिसतं. गोची अशी की कधी कधी गाडी उलट्या क्रमाने येते. घोषणेत 'उमगेकेर्टे' शब्द कानावर पडला आणि आजूबाजूचे लोक बॅगा ओढत धावू लागले की समजावं, आपला डबा दुसऱ्या टोकाला आहे. 'ग्लाईस' म्हणजे फलाट, 'हॉयटं' म्हणजे आज. हे दोन शब्द एकत्र आले की फलाट बदललाय.

मुक्काम कुठे करायचा हे शेवटच्या गाडीवरून ठरवा. रात्री 9 ची मॅच 10.50 च्या सुमारास संपते. जादा वेळ आणि पेनल्टी झाल्या तर पावणेबारा. स्टेडियममधून गर्दी बाहेर पडून मुख्य स्टेशनात येईपर्यंत मध्यरात्र उलटते, आणि तेव्हा लांब पल्ल्याच्या गाड्या जवळपास संपलेल्या असतात. म्हणून रात्रीच्या मॅचनंतर शहर बदलायचा बेत करू नका. त्याच लोकल जाळ्यात झोपा, सकाळी निघा.

यासाठी ऱ्हाईन-रूर पट्टा सर्वांत उत्तम. डॉर्टमुंड, गेल्झेनकिर्शन, ड्युसेलडॉर्फ आणि कोलोन, चार स्टेडियमं एकाच पट्ट्यात. एसेन म्हणजे तिथलं दादर. आरई1 ही प्रादेशिक गाडी कोलोन, ड्युसेलडॉर्फ, ड्युइसबुर्ग, एसेन, बोखुम, डॉर्टमुंड अशी सगळी शहरं शिवते, आणि गेल्झेनकिर्शनला एसेनहून आरई2 किंवा आरई42 ने दहाएक मिनिटं. शिवाय सामने असलेल्या शहरांतल्या हॉटेलांपेक्षा एसेनला दर सहसा नरम. गेल्झेनकिर्शनमध्येच राहायचा हट्ट नको. तिथे मुख्य स्टेशन ते स्टेडियम सगळा भार 302 नंबरच्या ट्रामवर. 16 जूनला सर्बिया-इंग्लंड मॅचच्या वेळी ती व्यवस्था पार कोलमडली आणि लोक तासन्‌तास अडकले. दोष प्रेक्षकांचा नव्हता. एका ट्राममार्गावर हजारो माणसं सोडली की दुसरं काय होणार? अशा ठिकाणी शिट्टी वाजल्या वाजल्या धावण्यापेक्षा तासभर आवारात थांबणं बरं.

इतर शहरांत स्टेडियम गाठणं सोपं. म्युनिकला यू6 ने फ्रोटमानिंग आणि पुढे दहा-पंधरा मिनिटं चालत. बर्लिनला एस-बान किंवा यू2. कोलोनला 1 नंबरची ट्राम. लाइपझिगला मुख्य स्टेशनहून चालतसुद्धा जाता येतं. मोठी बॅग घेऊन स्टेडियमला जाऊ नका, ए4 कागदापेक्षा मोठी बॅग आत सोडत नव्हते. स्टेशनातल्या लॉकरच्या भरवशावरही राहू नका, मॅचच्या दिवशी ते लवकर भरतात. सामान हॉटेलातच ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली उघडी. शाकाहारी माणसाचं तिथल्या बेकरीतल्या चीज ब्रेत्झेलवर भागतं. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीमागे 25 सेंट अनामत असते, ती दुकानातल्या मशीनमध्ये टाकून परत घ्या.

उशिराची भरपाई मात्र चांगली आहे, आणि आपले लोक ती मागतच नाहीत. उतरायच्या स्टेशनावर 60 मिनिटं उशीर झाला तर एका बाजूच्या भाड्याच्या 25 टक्के, 120 मिनिटांना 50 टक्के. वादळासारख्या कारणाने झालेल्या उशिराला हा नियम लागू नाही. अर्ज ॲपमधूनच होतो, मुदत तीन महिने, आणि चार युरोंच्या खालची रक्कम देत नाहीत. त्याहून मोलाची तरतूद रात्रीची. वेळापत्रकानुसार मध्यरात्र ते पहाटे 5 च्या दरम्यान पोहोचायचं असेल आणि किमान 60 मिनिटं उशीर होणार असेल, किंवा दिवसाची शेवटची गाडीच रद्द होऊन मध्यरात्रीपर्यंत पोहोचणं अशक्य झालं असेल, तर टॅक्सीचे 120 युरोपर्यंत परत मिळतात. आधी स्टेशनातल्या माहिती काउंटरवर विचारा, ते स्वतःच सोय करून देत असतील तर ती घ्यावी लागते. काउंटर बंद असेल तर टॅक्सी घ्या आणि पावती जपून ठेवा.

जाता जाता एक कौतुक. फ्रँकफर्ट आणि मानहाइममधला रीडबान हा देशातला अत्यंत गजबजलेला मार्ग पाच महिन्यांसाठी पूर्ण बंद करून नवा करायचा होता. तो मेगाब्लॉक त्यांनी सुरू केला 15 जुलै 2024 ला, फायनलच्या दुसऱ्या दिवशी. पण ही सवलत स्पर्धेपुरती. एरवी बुंडेसलीगाची, म्हणजे जर्मन फुटबॉल लीगची, मॅच बघायला जाणाऱ्यांनी तारखा ठरवण्याआधी कुठला मार्ग बंद आहे ते ॲपमध्ये तपासावं. गाडीऐवजी बस दिसली आणि सव्वा तासाचा प्रवास अडीच तासांचा झाला, तर त्या दिवशी फार उशिराची गाडी पकडू नका.