खारट बोअरवरची रोपं : जिप्सम की कॅल्शियम नायट्रेट?

पुण्यात सोलापूर रस्त्याच्या बाजूला आमच्या बोअरचं पाणी खारट आहे. त्यावर कडुनिंब, करंज, चिंच वाढवताना उन्हाळ्यात पिशवीच्या काठावर पांढरा थर धरतो आणि जुन्या पानांच्या कडा करपतात. पाण्यातलं सोडियम मुळांमध्ये बऱ्याच अंशी पालाशच्या (पोटॅशियमच्या) वाटेनं घुसतं. कॅल्शियम पुरेसं असलं की मुळांच्या पेशींची आवरणं धड राहतात आणि पालाश आत जातं. काळ्या मातीत चुनखडी असते खरी, पण सामू (pH) आठच्या वर गेला की ती फारशी विरघळत नाही. म्हणून कॅल्शियम बाहेरून द्यावं लागतं : जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) नाहीतर कॅल्शियम नायट्रेट.

कॅल्शियम नायट्रेटची बाजू भक्कम आहे. झटकन विरघळतं, कॅल्शियम सुमारे १९ टक्के, नत्र १५.५ टक्के. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड नायट्रेटचं शोषण अडवतं, तेव्हा ही भर कामाची. शेंड्याची पानं वाकडी निघत असताना याची आळवणी केल्यावर (द्रावण मुळाशी ओतल्यावर) पुढची पालवी सरळ आलेली मी पाहिली आहे.

माझं मत फिरलं ते पोत्यावरून. एकदा फोडलं की हे खत हवेतला ओलावा ओढतं. जुलैत तोंड सुतळीनं आवळून वर प्लॅस्टिक गुंडाळलं तरी खडे चिकटून ढेकूळ होतं, तळाशी चिकट पाणी साचतं. मग वाटीत खत किती आणि पाणी किती, सांगता येत नाही. गोड्या पाण्यावर हे खपून जाईल. खारट पाण्यात जादा पडलेलं खत म्हणजे जादा क्षारच. शिवाय फॉस्फेट किंवा सल्फेटच्या खताबरोबर एकाच टाकीत घट्ट द्रावण केलं तर साका बसतो.

जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम २ ग्रॅम विरघळतं, ठिबकमधून द्यायच्या भानगडीत पडू नये. पण पिशव्या भरताना माती-शेणखतात मिसळलं की दर पाण्याला थोडं थोडं सुटत राहतं आणि मातीला धरून बसलेलं सोडियम मोकळं करतं. ते वाहून जायला पिशवीची भोकं उघडी हवीत आणि अधूनमधून भरपूर पाणी. सढळ हात मात्र नको. कॅल्शियम फार झालं की मॅग्नेशियम मागे पडतं, जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी होतात.

ठिबक किंवा कोकोपीटचे ट्रे असतील तर नायट्रेटच बरं, छोट्या पाकिटात. मातीच्या पिशव्या आणि झारी असेल तर मी तरी जिप्सम मिसळूनच भरेन, आणि आळवणीपुरतं नायट्रेटचं किलोभर पाकीट उन्हाळ्यातच आणून संपवेन.