टीईएम की ॲटम प्रोब? पोलादाच्या अणूंपर्यंत जाताना

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून फिजिक्स किंवा मेटलर्जीत एमएस्सी, एमटेक करून पीएचडीला निघालेल्यांपुढे हा प्रश्न हमखास येतो: धातूच्या आत डोकावायला टीईएम (पातळ नमुन्यातून इलेक्ट्रॉन आरपार पाठवून चित्र काढणारा सूक्ष्मदर्शक) घ्यायचं की ॲटम प्रोब (नमुन्यातले अणू एकेक सोडवून ओळखणारं यंत्र)? उत्तर यंत्रावर नाही, तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे. म्हणून आपल्याकडचंच उदाहरण घेऊ.

भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रांत वाफेचे पाइप वर्षानुवर्षं दाब आणि उष्णता सोसतात. अशा कामासाठी ९ टक्के क्रोमियमचं पी-९१ पोलाद वापरलं जातं. तेही सतत तापून हळूहळू ताणत जातं, त्याला क्रीप म्हणतात.

हे ताणणं कसं घडतं ते पाहायचं असेल, तर टीईएम घ्या. ३ मिलिमीटरची चकती मध्यभागी १०० नॅनोमीटरहून पातळ करायची आणि २०० किलोव्होल्टचा इलेक्ट्रॉन-झोत तिच्यातून आरपार सोडायचा. स्फटिकातल्या डिसलोकेशनच्या, म्हणजे अणूंच्या रांगा जिथे चुकतात त्या दोषांच्या, रेषा स्पष्ट दिसतात. कार्बाइडचे (धातू आणि कार्बनच्या संयुगाचे) कण किती फुगलेत आणि रेषा कुठे अडल्यात, हे एकाच चित्रात कळतं. अडचण अशी, की जाडीतले सगळे अणू एकावर एक दिसतात, आणि बोरॉनसारखा हलका, थोडकाच असलेला अणू त्यात हरवतो.

अशा पोलादाच्या बोरॉन घातलेल्या प्रकारांत नेमका हाच बोरॉन महत्त्वाचा असतो. तो कार्बाइडमध्ये शिरला की कण फुगण्याचा वेग मंदावतो. तो कुठे बसलाय हे ॲटम प्रोब सांगतं. नमुन्याची सुई करायची, टोकाची त्रिज्या साधारण ५० ते १०० नॅनोमीटर. उणे २०० अंशांच्या खाली तिला काही हजार व्होल्ट द्यायचे, वर विद्युत किंवा लेझरचे स्पंद. टोकावरून एकेक अणू निसटतो, आणि त्याच्या उड्डाणाच्या वेळेवरून तो कोण ते कळतं. या यंत्राचा पूर्वज म्हणजे फील्ड आयन मायक्रोस्कोप. १९५५ साली अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात एर्विन म्युलर आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादूर यांनी त्यातून टंगस्टनचे सुटे अणू पाहिले. हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे आणि ते वर्गात सांगायलाच हवं.

पण ॲटम प्रोब महाग पडतं, ते पैशांपेक्षा संयमाच्या बाबतीत. सुई मध्येच तुटते. बरेच अणू डिटेक्टरवर नोंदलेच जात नाहीत. पाहिलेला भाग जेमतेम काहीशे नॅनोमीटर लांब असतो, तेव्हा तो अख्ख्या पाइपचा प्रतिनिधी आहे असं मानू नका. शिवाय नमुना मोजता मोजताच संपतो.

सोयीचं पाहिलं तर टीईएमसाठी आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण-केंद्रात बाहेरच्यांनाही वेळ मिळते, आणि जळगावहून मुंबई एका रात्रीचा प्रवास. ॲटम प्रोबची राष्ट्रीय सुविधा आयआयटी मद्रासला आहे.

यंत्राशिवायचा तिसरा मार्गही आहे: अणूंच्या हालचालींचं संगणकावर अनुकरण करणारं लॅम्प्स हे फुकटचं सॉफ्टवेअर घरच्या संगणकावरही चालतं. लाखभर अणूंचं डिसलोकेशन हलताना बघायला उत्तम. मात्र एक पायरी सुमारे एका फेम्टोसेकंदाची असल्याने हिशेब नॅनोसेकंदांतच राहतो, वर्षानुवर्षं चालणारा क्रीप त्यात थेट मावत नाही.

माझा कौल: पहिली दोन वर्षं टीईएम आणि सोबत लॅम्प्स. ‘अमुक अणू नेमका कुठे’ हा प्रश्न टीईएमच्या चित्रांतूनच उभा राहिला, तर त्या जागेची सुई कापून मद्रासला अर्ज करा. नोंदणीआधी गाइडना एवढं विचाराच: चकती पातळ कोण करणार, आणि सुई कापायचं एफआयबी (आयनांच्या झोताने कापणारं यंत्र) कुठलं वापरायचं?