जुन्या संगणकांचे थिन क्लायंट: एलटीएसपी आणि फ्रीआरडीपीचा दीड वर्षाचा अनुभव

कार्यालयातील चौदा जुने संगणक मोडीत काढायचे की आणखी काही वर्षे चालवायचे, हा प्रश्न दीड वर्षापूर्वी आमच्यापुढे आला. नवे थिन क्लायंट (स्वतः फारसे काम न करता सर्व्हरवरचा डेस्कटॉप दाखवणारे साधे संगणक) विकत घेण्याऐवजी याच संगणकांच्या हार्ड डिस्क काढाव्यात, ते नेटवर्कवरून सुरू करावेत आणि प्रत्येकाला सर्व्हरवरचा विंडोज डेस्कटॉप द्यावा, असे ठरले. संगणक बूट करण्यासाठी एलटीएसपी आणि डेस्कटॉपला जोडण्यासाठी फ्रीआरडीपी, अशी दोन मुक्त स्रोत साधने आम्ही निवडली. मांडणी मी केली आणि तक्रारीही माझ्याकडेच येतात.

एलटीएसपी हा प्रकल्प १९९९ पासून चालू आहे आणि २०१९ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. संगणक सुरू होताच नेटवर्क कार्डाद्वारे पत्ता मागतो, सर्व्हरकडून लिनक्सची एक इमेज (संपूर्ण प्रणालीची तयार प्रत) घेतो आणि तिच्यावरच चालतो. ही इमेज केवळ वाचता येते. वापरणाऱ्याने केलेले बदल तात्पुरते राहतात आणि संगणक बंद होताच पुसले जातात. मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच. एखादे यंत्र बिघडले तर शेजारच्या टेबलावरचे यंत्र उचलून तिथे ठेवायचे, लॉगिन करायचे आणि अर्धवट राहिलेले पत्र जिथे सोडले होते तिथून पुढे टंकायचे. सेशन, म्हणजे उघडलेले प्रोग्राम आणि चालू काम, सर्व्हरवर असल्यामुळे काहीही हरवत नाही. अद्ययावतीकरणही चौदा ठिकाणी न करता एकाच इमेजमध्ये होते.

फ्रीआरडीपी २००९ मध्ये आरडेस्कटॉप या जुन्या प्रकल्पातून वेगळा झाला. रेमिना हा लोकप्रिय प्रोग्रामही आतून त्याचाच आधार घेतो. ज्यांना चार-पाच वेगवेगळ्या सर्व्हरांना जोडावे लागते त्यांना रेमिनाची यादी सोयीची वाटेल, पण एकाच डेस्कटॉपवर दिवसभर बसणाऱ्यासाठी थेट पूर्ण पडद्यावर उघडणारा फ्रीआरडीपी अधिक सुटसुटीत आहे. दोन मॉनिटरही त्याने विनातक्रार सांभाळले. टंकलेखन, हिशेब आणि ईमेल या कामांत समोरचा डेस्कटॉप दूरवरचा आहे हे जाणवतही नाही. फक्त पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्याकडून कंट्रोल, ऑल्ट आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या गेल्या, डेस्कटॉप आक्रसून छोट्या खिडकीत बसला आणि मागचा रिकामा काळा पडदा पाहून त्यांना संगणक गेला असे वाटले. पूर्ण पडद्यातून बाहेर पडण्याची ती कळजोडी एका पर्यायाने बंद करता येते. ती आधीच बंद करायला हवी होती.

खरी फजिती झाली ती प्रमाणपत्राने, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याने. रिमोट डेस्कटॉपसाठी विंडोज स्वतःच स्वाक्षरी करून जे प्रमाणपत्र तयार करते, त्याची मुदत सहा महिन्यांची असते आणि ती संपत आली की विंडोज गुपचूप नवे प्रमाणपत्र बनवते. फ्रीआरडीपी मात्र पूर्वी पाहिलेले प्रमाणपत्र लक्षात ठेवतो आणि ते बदललेले दिसताच जोडणी नाकारतो, जे सुरक्षेच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. आमच्याकडे जुन्या प्रमाणपत्राची नोंद थेट इमेजमध्येच गेली होती आणि त्यासंबंधीची सूचना ज्या टर्मिनलवर (मजकुरी आज्ञांच्या खिडकीत) उमटते, ते पूर्ण पडद्याच्या मांडणीत कोणाला दिसतच नव्हते. परिणामी एका सोमवारी सकाळी चौदाही पडदे कोरे होते, आणि लॉग उघडेपर्यंत मी नेटवर्कच्या वायरी तपासत होतो. प्रमाणपत्र तपासूच नये असा एक पर्याय उपलब्ध आहे आणि घाईत तो वापरण्याचा मोह होतो, पण मग समोर खरोखर आपलाच सर्व्हर आहे याची खात्री उरत नाही. आम्ही कार्यालयाच्या अंतर्गत प्रमाणपत्र प्राधिकरणाकडून (अशी प्रमाणपत्रे स्वाक्षरी करून देणाऱ्या यंत्रणेकडून) सर्व्हरसाठी प्रमाणपत्र घेतले आणि त्या प्राधिकरणाचे मूळ प्रमाणपत्र इमेजमध्ये ठेवले. तेव्हापासून हा प्रश्न आलेला नाही.

देवनागरी टंकनाबाबत एक सूचना: क्लायंटवर कळफलक इंग्रजीच ठेवावा आणि मराठी इनस्क्रिप्ट दूरच्या डेस्कटॉपमध्ये निवडावा. कोणती कळ दाबली एवढेच क्लायंट कळवतो, अक्षर ठरवण्याचे काम सर्व्हर करतो; दोन्हीकडे मराठी ठेवल्यावर आमच्याकडे भलतीच अक्षरे उमटली. टेबलावरचा प्रिंटर सेशनमध्ये दाखवायचा असेल, तर त्याच्या ड्रायव्हरचे नाव सर्व्हरवरील नावाशी तंतोतंत जुळावे लागते. आम्ही तो खटाटोप सोडून प्रिंटर थेट नेटवर्कवर घेतले.

मुक्त स्रोत म्हणजे फुकट, असा समज करून कोणी या वाटेला जाऊ नये. क्लायंटचा खर्च वाचतो, पण विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप सेवा द्यायची तर वापरकर्त्यामागे किंवा उपकरणामागे परवाना लागतोच, आणि १२० दिवसांची सवलतीची मुदत संपल्यावर त्याची आठवण कठोरपणे करून दिली जाते. काम लिनक्सवर भागणारे असेल तर सर्व्हरवर एक्सआरडीपी (लिनक्सचा डेस्कटॉप असाच दूरवर देणारा मुक्त स्रोत प्रोग्राम) बसवून हा खर्च टाळता येतो. आमच्या हिशेबाच्या प्रोग्राममुळे ते शक्य झाले नाही.

व्हिडिओ बैठकांसाठी ही मांडणी मी कोणालाही सुचवणार नाही. कॅमेऱ्याचे चित्र आधी सर्व्हरकडे जाते, तिथून बैठकीत जाते आणि समोरच्यांची चित्रे सर्व्हरवर उलगडून, पुन्हा आवळून आपल्या पडद्यावर येतात. यात सर्व्हरचा प्रोसेसर शिणतो आणि ओठ व आवाज यांचा मेळ सुटतो. तीन महिने वेगवेगळे पर्याय बदलून पाहिल्यानंतर आम्ही बैठकीच्या दोन्ही खोल्यांत साधे लॅपटॉप ठेवले.