वेब कंपोनंटच्या युनिट टेस्ट: जेस्ट, व्हीटेस्ट की वेब टेस्ट रनर?

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत्यांसाठी तुम्ही हळदीच्या सौद्याची पावती करणारा कस्टम एलिमेंट (म्हणजे स्वतः बनवलेला एचटीएमएल टॅग, वेब कंपोनंट) लिहिताय. राजापुरी हळद, क्विंटलचा दर, वजन टाकलं की रक्कम. हाच एलिमेंट साध्या एचटीएमएल पानावरही बसणार आणि रिॲक्टच्या ॲपमध्येही. त्याच्या युनिट टेस्ट (त्या एकट्या तुकड्याच्या चाचण्या) कशात लिहायच्या हे ठरवताना वेगाचे तक्ते बाजूला ठेवा. आधी एवढंच बघा, की टेस्ट खऱ्या ब्राउझरमध्ये चालणार की नोडमध्ये (ब्राउझरशिवाय जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उभ्या केलेल्या नकली डॉममध्ये, म्हणजे पानाच्या रचनेच्या नकलेत. निम्मा निर्णय तिथेच होतो.

जेस्ट, व्हीटेस्ट आणि वेब टेस्ट रनर ही तिन्ही टेस्ट चालवायची टूल्स. त्यातलं जेस्ट बहुतेकांना येतं. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून नुकतं बाहेर पडलेलं पोरगंसुद्धा दोन दिवसांत टेस्ट लिहू लागेल. पण जेस्टमध्ये डॉम म्हणजे जेएसडॉम, असाच एक नकली डॉम. त्यात कस्टम एलिमेंट २०२० साली, १६.२ या आवृत्तीपासून आले. शॅडो डॉम (एलिमेंटची बाकी पानापासून वेगळी ठेवलेली आतली रचना) आणि स्लॉटही (बाहेरचा मजकूर आत बसवायची जागा) आहेत. त्यामुळे दराचा ॲट्रिब्यूट बदलल्यावर रक्कम बदलते का, '१,४५,०००' हा आकडा मराठी अंकांत आणि लाखाच्या स्वल्पविरामासकट उमटतो का, एवढं तिथे व्यवस्थित तपासता येतं.

पण जेएसडॉममध्ये लेआउट नावाची गोष्टच नाही. कुठल्याही एलिमेंटची रुंदी-उंची मागा, शून्य मिळतं. पावतीचा तक्ता मोबाइलवर कापला जातो का, याचं उत्तर तिथे मिळणार नाही. त्याहून मोठी अडचण फॉर्मची. वजनाचा रकाना हा तुमचाच एलिमेंट असेल आणि तो एलिमेंट-इंटर्नल्स (कस्टम एलिमेंटला फॉर्मशी जोडणारी ब्राउझरची सोय) वापरून आपली किंमत फॉर्मला देत असेल, तर जेएसडॉममध्ये ती सोय नाही. मग लोक त्या सोयीची नक्कल लिहितात, टेस्ट हिरवी होते, पण तपासली जाते ती नक्कल. पैशाच्या पावतीला हे चालणार नाही. शिवाय लिट ही वेब कंपोनंट लिहायची लायब्ररी वापरत असाल तर ती फक्त ईएस मोड्यूलमध्ये (इम्पोर्ट-एक्स्पोर्टवाल्या फायलींत) येते, आणि जेस्टमध्ये अशा मोड्यूलचा थेट आधार प्रायोगिकच आहे. म्हणजे नोड-मोड्यूल्समधलं (बाहेरून आणलेलं) पॅकेजसुद्धा बेबल या कोड बदलून देणाऱ्या टूलमधून काढायची कटकट.

व्हीटेस्ट इथे सरस. टेस्ट लिहायची पद्धत जवळपास जेस्टचीच, पण पाया व्हीट या बिल्ड टूलचा, त्यामुळे मोड्यूलचं भांडण नाही. नकली डॉम हवा तर जेएसडॉम किंवा हॅपी-डॉम निवडा. खरा फायदा ब्राउझर मोडचा. २०२५ च्या चौथ्या आवृत्तीत तो स्थिर झाला आणि प्लेराइट किंवा वेबड्रायव्हरआयओ या ब्राउझर चालवणाऱ्या टूल्सच्या मदतीने टेस्ट खऱ्या ब्राउझरमध्ये चालवतो. एकाच प्रोजेक्टमध्ये रकमेचा हिशेब नोडमध्ये आणि रकान्याच्या टेस्ट ब्राउझरमध्ये अशी वाटणी करता येते. मला तरी ही सोय सगळ्यात कामाची वाटते. मात्र प्लेराइट आपले वेगळे ब्राउझर उतरवून घेतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालणाऱ्या ऑफिसात ते काम रात्री लावून ठेवा.

वेब टेस्ट रनर मुळातच ब्राउझरसाठी बनलेला. बंडलर (फायली एकत्र बांधणारं टूल) लागत नाही, आणि मशीनवर आधीच असलेला क्रोम तो शोधून वापरतो. प्रत्येक टेस्ट फाइल वेगळ्या पानात चालते, आणि कस्टम एलिमेंटसाठी हे फार महत्त्वाचं आहे. एकदा नोंदवलेलं नाव त्या पानात पुन्हा नोंदवता येत नाही, काढूनही टाकता येत नाही; दुसऱ्यांदा नोंदवायला गेलात की एरर. सोबत ओपन डब्ल्यूसी या वेब कंपोनंटच्या प्रकल्पाचं टेस्टिंग पॅकेज घेतलं की एलिमेंट पानावर उभा करणं, इव्हेंटची वाट बघणं, ॲक्सेसिबिलिटी तपासणं हे सगळं आयतं मिळतं. तोटे: टाइपस्क्रिप्टसाठी वेगळं प्लगइन, आणि मोड्यूल मॉक करणं (खऱ्याच्या जागी नकली लावणं) अवघड, कारण ब्राउझरमध्ये इम्पोर्ट केलेली नावं बाहेरून बदलता येत नाहीत. अडलात तर उत्तरं शोधायलाही जेस्टपेक्षा जास्त वेळ जाईल.

बाकीच्यांचं थोडक्यात. कर्मा हे टेस्ट चालवायचं जुनं टूल २०२३ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघालं. नव्या कामाला घेऊ नका. स्टेन्सिल या वेब कंपोनंटच्या कंपायलरमध्ये लिहीत असाल तर त्याची स्वतःची टेस्टची सोय आहे, आधी ती बघा. प्लेराइट आणि त्याच्यासारखंच सायप्रेस पूर्ण पानाच्या दोन-चार टेस्टसाठी ठेवा. त्यात प्लेराइट खुल्या शॅडो रूटमध्ये आपोआप शिरतं, सायप्रेसला तसं सांगावं लागतं. टेस्टिंग लायब्ररी या पॅकेजच्या, एलिमेंट शोधायच्या नेहमीच्या क्वेरी शॅडो डॉमच्या आत बघतच नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

माझं मत विचाराल तर, प्रोजेक्ट व्हीटवर असेल तर व्हीटेस्ट आणि त्याचा ब्राउझर मोड. फक्त कंपोनंटची लायब्ररी करून चार ठिकाणी द्यायची असेल, बिल्डची पायरी नको असेल, तर वेब टेस्ट रनर. जेस्टवर शेकडो टेस्ट आधीच उभ्या असतील तर त्या उपटू नका. हिशेबाच्या तिथेच राहू द्या आणि फॉर्म, फोकस, लेआउटच्या तेवढ्या ब्राउझरमध्ये हलवा.

काहीही निवडलंत तरी पहिली टेस्ट इव्हेंटची लिहा. 'सौदा पक्का'चं बटण दाबल्यावरचा इव्हेंट एलिमेंटवर न ऐकता डॉक्युमेंटवर ऐका. कंपोज्ड हा पर्याय द्यायचा राहिला असेल, तर शॅडो डॉमच्या आतून सुटलेला इव्हेंट तिथपर्यंत पोचणारच नाही. ही टेस्ट जेएसडॉममध्येही चालते, त्यामुळे टूलचा निर्णय व्हायच्या आधीच लिहून टाकता येईल.