खात्यातून रुपया गेला नाही, तरी फसवलो गेलो

रिटर्न भरण्याआधी आयकर पोर्टलवर एआयएस, म्हणजे आपल्या पॅनवर वर्षभरात नोंदलेल्या व्यवहारांचं पत्रक, उघडून बघायची माझी सवय आहे. यंदा पगार, बँकेचं व्याज आणि त्याखाली ‘जीएसटी टर्नओव्हर’ अशी एक ओळ. आकडा लाखांत! मी नोकरदार माणूस, आयुष्यात एक बिल फाडलेलं नाही. जीएसटी नंबर बघितला, तर सुरुवातीला ०७, म्हणजे दिल्ली, आणि पुढची दहा अक्षरं थेट माझा पॅन. माझ्या नावावर कुणीतरी दिल्लीत फर्म काढली होती.

‘मग नोंदणीच्या वेळी मला ओटीपी कसा नाही आला?’ असं सगळे विचारतात. डिसेंबर २०२२ मध्ये नियम बदलून पॅनला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवायचं ठरलं; त्याआधी तो अर्जात दिलेल्या मोबाइलवर जायचा, आणि तो मोबाइल भामट्याचाच असायचा. पॅन तुमचा, पत्त्याला कुणाचं तरी वीजबिल, जोडीला बनावट भाडेकरार. ही कागदावरची फर्म माल न देताच बिलं फाडते, बिलं घेणारे त्यावर इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, उकळतात आणि फर्म गायब होते. नोटीस पॅनवाल्याला.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘पैसे किती गेले?’ काहीच नाही म्हटल्यावर समोरच्यांनी पेन खाली ठेवलं. तरी लेखी अर्ज देऊन पोच घ्याच. पुढे तीच कामाला येते. जीएसटी पोर्टलवर पॅनच्या गैरवापराची तक्रार करा, ज्या अधिकाऱ्याच्या हद्दीत ती नोंदणी आहे त्याला ती रद्द करायला लिहा, आणि एआयएसमध्ये त्या ओळीवर माहिती नाकारल्याचा फीडबॅक द्या. ‘आपलं नाहीच तर कशाला लक्ष द्या’ म्हणून सोडून देणं सगळ्यात महागात पडतं.

तुमच्या पॅनवर काही निघालंय का, हे आत्ताच बघता येईल. जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये ‘सर्च बाय पॅन’ आहे, लॉगिनही लागत नाही. पॅन टाकला की त्यावरच्या नोंदण्या राज्यासकट दिसतात.

पॅनची झेरॉक्स देताना कुणाला, कशासाठी आणि तारीख हे मजकुरावरूनच आडवं लिहा. कोऱ्या समासात लिहिलेलं कापून टाकता येतं.

आणि स्वतःचा पॅन तपासून झाला की आईवडिलांचाही तपासा. ज्यांचं रिटर्न भरलं जात नाही, त्यांचं एआयएस वर्षानुवर्षं कुणी उघडतच नाही.