थंडीत गाडी सुरू होत नाही: धक्का, जंप, चार्जिंग की नवी बॅटरी?

थंडीच्या सकाळी सेल्फ दाबला आणि बाइक ढिम्म असली, की जो तो उपाय सुचवतो. धक्का मार, प्लग काढ, बॅटरी बदल. यातलं काय करायचं ते गाडी आवाजातून सांगते. नुसतं टक-टक झालं, किंवा इंजिन कण्हत एखादा फेरा घेऊन थांबलं, तर संशय बॅटरीवर. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरीच्या मागे लागू नका, गडबड पेट्रोलची नाहीतर ठिणगीची. आणि काहीच आवाज नसेल तर आधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच, बघा. हसू नका, अर्धा तास घाम गाळल्यावर मला तो बंद सापडलेला आहे.

थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशाला लेड-अ‍ॅसिड बॅटरीची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटते, आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. उन्हाळ्यात खपून गेलेली म्हातारी बॅटरी इथे उघडी पडते.

किक असेल तर बहुतेकदा प्रश्नच मिटला. नसेल तर धक्का की जंप, म्हणजे वायरी लावून दुसऱ्या बॅटरीची ताकद घेणं? धक्क्याला सामान लागत नाही: चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून पळवायची, वेग आला की क्लच सोडायचा. कार्बोरेटरच्या गाडीला हे बहुतेकदा लागू पडतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मात्र पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्ही बॅटरीवर चालतात. मीटरचे दिवेही लागत नसतील, तर पळून फक्त तुम्हीच गरम व्हाल. अशा गाडीला, किंवा गाडी जड आणि रस्ता निसरडा असेल तर, जंपच बरा. प्लसला प्लस जोडा, मग देणाऱ्या बॅटरीच्या मायनसची वायर आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला. कारवरून घेत असाल तर कारचं इंजिन बंद ठेवा. बॅटरी फुगलेली किंवा गोठलेली वाटली, तर जंपही नको आणि चार्जिंगही नको.

गाडी सुरू झाली, तरी उद्याचं काय? चार्ज करायची की नवी घ्यायची, हे मल्टिमीटरवर, म्हणजे व्होल्ट मोजायच्या मीटरवर, ठरवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२ च्या खाली गेली तर उतरलेली. चार्जर हळू लावावा, ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर पुरे. चार्ज करून काही तास तशीच ठेवा, मग मीटर लावून सेल्फ मारा. आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर तिच्यावर आणखी वेळ घालवू नका, नवी घ्या. मात्र आधी चालू इंजिनवरही मोजा. थोडी रेस दिल्यावर आकडा १४ च्या आसपास यायला हवा. येत नसेल तर चार्जिंगच होत नाहीये, आणि नवी बॅटरीही आठवड्यात झोपेल.

हे मी शिकलो ते नुकसान सोसून. एका मेकॅनिकच्या सल्ल्याने नवी बॅटरी बसवली आणि चौथ्या सकाळी पुन्हा टक-टक. अर्थिंगची (बॅटरीच्या मायनसची) जाड वायर इंजिनला जिथे लागते, तिथला बोल्ट चक्क बोटांनी फिरत होता, खाली हिरवट गंज. पॉलिश पेपरने घासून आवळला, त्यानंतर तक्रार नाही.

आता दुसरी बाजू, इंजिन फिरतंय पण पकडत नाही. कार्बोरेटर असेल तर पूर्ण चोक आणि अ‍ॅक्सिलरेटर बंद. चोक ओढून वर मूठ पिळत बसणं ही सर्रास होणारी चूक. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवून पंपाचा सूंऽ आवाज थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा आणि मग सेल्फ मारा. पाच सेकंदांहून जास्त दाबून धरू नका, मध्ये थोडी विश्रांती द्या. पेट्रोलचा वास आला तर ओव्हरफ्लो झालंय: चोक बंद, मूठ पूर्ण उघडून दोन-तीनदा फिरवा.

तरीही नाही, तर प्लग काढा. ओला निघाला तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी तपासा. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच येत नाही, आणि महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या कार्बोरेटरच्या गाडीत बहुधा पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक नळी, तुंबलेला असतो. काळा पडलेला प्लग साफ करायचा की बदलायचा यावर मी वाद घालत नाही, बदलतो.